वेग भरपूर, तरी कॉल तुटतो: नेटवर्कमधल्या रांगांवरचं संशोधन आणि आपलं नाशिक

मृण्मयी_गंगापूररोड

नाशिकमधल्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर रात्री नऊनंतर एक तक्रार हमखास येते. प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे, स्पीड टेस्टला आकडाही पूर्ण दिसतो, तरी व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो आणि समोरच्याचा चेहरा गोठतो. मग कोणीतरी 200 चा प्लॅन घ्यायला सांगतं. लोक घेतात, पैसे वाढतात, तक्रार तशीच राहते.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना कॉम्प्युटर नेटवर्क्स शिकवते. नेटवर्कमधली वाहतूक आवरायची कशी आणि सेवेचा दर्जा टिकवायचा कसा, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ संशोधन चालू आहे. त्यातलं पुष्कळ आज घरच्या राउटरमध्ये बसू शकतं. तरी आपल्याकडची चर्चा 'स्पीड किती' यापलीकडे जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हा धागा काढतेय.

उशीर तारेत फारसा होत नाही, रांगेत होतो. नाशिक ते मुंबई फायबरची लांबी 200 किलोमीटर धरली, तरी प्रकाशाला तेवढं अंतर कापायला 1 मिलिसेकंद पुरतो. पण आपला डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो, आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरवर, म्हणजे डेटाला पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, पॅकेट येऊन थांबतं. पुढची लाइन मोकळी असेल तर लगेच निघतं, नसेल तर रांगेत उभं राहतं. ही रांग लाइनवरच्या भाराबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. अगदी साध्या गणिती मॉडेलमध्येही लाइन निम्मी भरली की सरासरी वेळ रिकाम्या लाइनच्या दुप्पट होतो, 80 टक्क्यांना पाचपट, 90 ला दहापट आणि 95 ला वीसपट. म्हणजे संध्याकाळी भार 90 वरून 95 वर गेला, तर वापर जेमतेम वाढला असं आपल्याला वाटतं, पण थांबण्याचा वेळ दुप्पट झालेला असतो. लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत हेच रांगांचं गणित डेटा नेटवर्कला लावलं. इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं ते त्यानंतर, 1969 मध्ये.

बोलताना एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज चालतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.114 ही शिफारस सांगते. त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. तेव्हा प्लॅनमध्ये किती एमबीपीएस हे विचाराच, पण लाइन भरलेली असताना उशीर किती होतो हेही विचारा. तुमचे अनुभव लिहा. कंपन्यांची नावं नकोत, आपल्याला कारणांवर बोलायचंय.

निवृत्त_एक्स्चेंज

मृण्मयीताई, विषय काढलात, बरं वाटलं. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आमच्याकडे या विषयाचं नाव 'ट्रॅफिक' होतं आणि त्याचं एकक होतं अर्लांग.

आग्नेर क्रारूप अर्लांग हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले डॅनिश गणिती. 1909 मध्ये त्यांनी दाखवलं की कॉल येण्याला ठरावीक गणिती चाल असते. 1917 मध्ये त्यांचं सूत्र आलं: इतका ट्रॅफिक आणि इतक्या लाइन असतील, तर शंभरात किती कॉल परत जातील? हिशेब असा करायचा. गर्दीच्या तासात 200 कॉल आले आणि प्रत्येक सरासरी 3 मिनिटं चालला, तर झाली 600 मिनिटं, म्हणजे 10 तास, म्हणजे 10 अर्लांग. शंभरात एकापेक्षा जास्त कॉल नाकारायचा नसेल तर त्याला 18 लाइन लागतात. दहा नव्हे, अठरा.

आता त्यातली गंमत पाहा. 100 अर्लांगला मात्र 180 लागत नाहीत, 117 मध्ये भागतं. गट जितका मोठा, तितकी मोकळी लाइन सापडायची शक्यता जास्त. त्यामुळे एकाच मोठ्या गटाचे दहा छोटे तुकडे पाडले की तेवढ्याच लोकांना तेवढीच सेवा द्यायला 63 लाइन जास्त टाकाव्या लागतात. हे कोष्टक आमच्या टेबलाच्या काचेखाली असायचं.

दिवाळीच्या सकाळी 'या मार्गावरच्या सर्व लाइन्स व्यस्त आहेत' ही टेप ऐकलेली पिढी इथे असेल. तिच्यामागे हेच सूत्र होतं. एक्स्चेंज सरासरी दिवसाच्या गर्दीच्या तासासाठी बांधलेलं असतं, पाडव्याच्या सकाळसाठी नाही. पाडव्यासाठी बांधायचं म्हटलं तर वर्षभर निम्मं एक्स्चेंज रिकामं बसेल.

नाशिकरोडची_सई

मी घरून ऑनलाइन शिकवण्या घेते, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा आहे. एक शंका. रांगेत जागा संपली की पॅकेट फेकून देतात ना? मग राउटरमध्ये मेमरी वाढवायची. आता मेमरी स्वस्त आहे. पॅकेट हरवणार नाही आणि आवाजही तुटणार नाही. यात चूक काय?

मृण्मयी_गंगापूररोड

सई, राउटर बनवणाऱ्यांनीही बरीच वर्षं असाच विचार केला, आणि घोडं तिथंच पेंड खातं.

हिशेब करून बघ. तुझं अपलोड 10 एमबीपीएस आहे असं धरू. एक पूर्ण पॅकेट 1500 बाइटचं, म्हणजे 12,000 बिट. ते बाहेर पडायला 1.2 मिलिसेकंद लागतात. राउटरच्या रांगेत 1000 पॅकेट मावत असतील आणि घरातल्या कोणाच्या तरी फोनने रात्री फोटोंचा बॅकअप सुरू केला, तर ती रांग काठोकाठ भरते. तुझ्या आवाजाचं पॅकेट त्या हजारांच्या मागे जाऊन उभं राहतं आणि 1.2 सेकंदांनी बाहेर पडतं. एकही पॅकेट हरवलं नाही, स्पीड टेस्ट उत्तम आली, आणि शिकवणी मात्र बसली.

गंगापूर धरणाकडे बघ. जुलैत धरण मुद्दाम थोडं रिकामं ठेवून विसर्ग चालू ठेवतात, कारण त्र्यंबकच्या बाजूला एकदम पाऊस कोसळला तर तो पोटात घ्यायला जागा हवी असते. धरण आधीच तुडुंब असेल तर ते कितीही मोठं असलं तरी आलेलं पाणी जसंच्या तसं खाली सोडावं लागतं, आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढतं. राउटरचा बफरही (रांगेसाठीची मेमरी) अचानक आलेला लोंढा झेलण्यासाठी असतो. तो सतत भरलेला राहिला तर लोंढा झेलत नाही, फक्त प्रत्येकाचा उशीर वाढवतो.

या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमाराला घरच्या लाइनवर ते मोजलं आणि जगासमोर आणलं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत दिली. मला तिची मांडणी फार आवडते, कारण ती रांगेची लांबी मोजतच नाही. पॅकेट किती वेळ थांबलं एवढंच बघते. थांबण्याचा किमान वेळ सलग 100 मिलिसेकंद 5 मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर रांग साचलेली आहे असं समजून ती पॅकेट टाकायला लागते. पाठवणारा कॉम्प्युटर ते ओळखतो आणि वेग उतरवतो. थोड्या वेळासाठी आलेल्या लोंढ्याला ती हात लावत नाही.

केबलवाला_सिडको

मॅडम, तुमचं सगळं पटतं, पण एक बाजू आमचीही ऐका. मी सिडकोत छोटा ऑपरेटर आहे. ग्राहकाला 100 एमबीपीएस विकतो, पण वरून विकत घेतलेली बँडविड्थ ग्राहक गुणिले 100 नसते. तशी घेतली तर हाच प्लॅन कोणाच्या खिशाला परवडणार नाही. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत या भरवशावर हा धंदा उभा आहे, आणि काका म्हणतात ते अर्लांगचं गणित तेच सांगतं.

अडचण आयपीएलच्या संध्याकाळी येते. तेव्हा खरंच सगळे एकाच वेळी वापरतात. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांचे कॅश सर्व्हर जवळ असले की निभतं, कारण तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लांबून आणावा लागत नाही. ते नसतील तर आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यात रस्त्याचं काम निघतं, जेसीबीचा दात फायबरवर बसतो, आणि एका बाजूचा सगळा ट्रॅफिक दुसऱ्या लाइनवर येतो. ती लाइन आधीच 60 टक्के भरलेली असते. पुढचं गणित तुम्ही वर लिहिलंच आहे.

लोकांना वाटतं आम्ही मुद्दाम दाबतो. प्लॅनप्रमाणे वेग बांधावा लागतो हे खरं. पण तो बांधायचे दोन मार्ग आहेत, यावर कोणी बोलत नाही. एकात मर्यादेवरचं पॅकेट सरळ फेकून देतात. दुसऱ्यात थोडं थांबवून समान चालीने सोडतात. पहिलं स्वस्त पडतं, दुसऱ्याला चांगलं मशीन लागतं. ग्राहकाला दोन्ही 100 च दिसतात, पण पहिल्यात कॉल जास्त तुटतो.

संशोधक_विद्यार्थी

मी याच विषयात पीएचडी करतोय, म्हणून थोडं इतिहासात जातो.

'पाठवणारा वेग उतरवतो' असं मॅडमनी लिहिलं, पण हे शहाणपण इंटरनेटला जन्मतः नव्हतं. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातली लाइन, अंतर जेमतेम 400 यार्ड, 32 केबीपीएसवरून 40 बीपीएसवर आली. आठशे बिटांमागे एकच बिट धड पोहोचत होता. लाइन तुटलेली नव्हती, उलट पूर्ण भरलेली होती. उशीर वाढला की प्रत्येक मशीनला वाटायचं पॅकेट हरवलं, मग तेच पॅकेट पुन्हा पाठवायचं, त्याने रांग आणखी वाढायची. जॉन नेगल यांनी अशा कोसळण्याचा इशारा 1984 मध्येच देऊन ठेवला होता.

व्हॅन जेकबसन आणि मायकल कॅरेल्स यांनी 1988 मध्ये त्यावर इलाज दिला. सुरुवात हळू करा, सगळं ठीक आहे तोवर वेग थोडा थोडा वाढवा, पॅकेट हरवलं की एकदम निम्म्यावर या. 1989 मध्ये डाह-मिंग चिऊ आणि राज जैन यांनी याचं गणित मांडलं. वाढ बेरजेने आणि घट गुणाकाराने केली, तर एकमेकांना न ओळखणारे दोन वापरणारेही शेवटी समान वाट्याकडे सरकतात. वाटणी किती न्याय्य झाली हे मोजायचं सूत्रही राज जैन यांचंच आहे. चौघांना समान मिळालं तर उत्तर 1 येतं, एकानेच सगळं खाल्लं तर 0.25.

विचार करा, कोणी पोलीस नाही, कोणी परवानगी देत नाही, जगभरातली मशीन स्वतःहून मागे सरतात आणि म्हणून इंटरनेट चालतं. मला आजही हे वाचताना अंगावर काटा येतो.

काकांच्या अर्लांगबद्दल मात्र एक सांगायला हवं. कॉल एकमेकांपासून स्वतंत्र येतात हे त्या गणिताचं गृहीत आहे. डेटाला ते लागू पडत नाही. अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत 1989 ते 1992 या काळात इथरनेटवरची पॅकेट मोजली गेली. विल लेलँड, मुराद ताक्कू, वॉल्टर विलिंगर आणि डॅनियल विल्सन यांनी 1993 मध्ये दाखवलं की हा ट्रॅफिक सेकंदाच्या मापाने बघा, मिनिटाच्या बघा की तासाच्या, चढउतार सारखेच खडबडीत राहतात. टेलिफोनचा आलेख सरासरी काढली की सपाट होतो, हा होत नाही. म्हणून 'सरासरी वापर 40 टक्केच आहे' या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. पाच मिनिटांच्या सरासरीत 40 दिसतात, आतल्या काही सेकंदांत लाइन पूर्ण भरून गेलेली असते.

निवृत्त_एक्स्चेंज

पोरा, पटलं. आम्ही आलेख तासाला काढायचो, तो गुळगुळीतच यायचा.

अंबडकर

अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. 'कोणाला पुढे सोडायचं' हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे, म्हणून लिहितो.

स्विचमध्ये (कारखान्यातली यंत्रं जोडणाऱ्या डब्यात) पॅकेटवर 3 बिटांची खूण असते, म्हणजे 0 ते 7 असे आठ दर्जे. एका ठेकेदाराने कॅमेरे बसवताना व्हिडिओ अडकू नये म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांना वरचा दर्जा देऊन टाकला. मशीन चालवणाऱ्या पीएलसीचे संदेश त्यांच्या खाली राहिले. शिफ्ट बदलताना फाटकावर हालचाल वाढते, कॅमेऱ्यांचा डेटा वाढतो, आणि बरोबर त्याच वेळी लाइनवरची एक मशीन 'कम्युनिकेशन फॉल्ट' दाखवून थांबायची. इलेक्ट्रिशियनने केबल बदलली, कार्ड बदललं, काही उपयोग नाही. शेवटी स्विचच्या पोर्टवर दर्जावार मोजदाद लावली. तेव्हा दिसलं की खालच्या रांगेतलं पॅकेट 40-50 मिलिसेकंद बाहेरच पडत नाही. पीएलसी तेवढं थांबत नाही.

उपाय दोन केले. पीएलसी सगळ्यात वर नेले, आणि वरच्या प्रत्येक दर्जाला वेगाची मर्यादा घातली. मर्यादा नसलेलं प्राधान्य धोक्याचं. वरचा कितीही आला तरी आधी जाणार, मग खालच्याची उपासमार ठरलेली.

नाशिकरोडची_सई

मग घरच्या इंटरनेटवर असे दर्जे का देत नाहीत? शिकवणीचं पॅकेट वर, सिनेमाचं खाली.

संशोधक_विद्यार्थी

सईताई, प्रयत्न झाले आणि ते साधेसुधे नव्हते. 1994 मध्ये इंटसर्व्हचा आराखडा आला. प्रत्येक कॉलसाठी वाटेतल्या प्रत्येक राउटरवर जागा राखून ठेवायची, रेल्वेच्या आरक्षणासारखं काटेकोर. 1997 मध्ये त्यासाठी आरएसव्हीपी हा प्रोटोकॉलही ठरला. पण मोठ्या राउटरमधून एका क्षणी एकेका कॉलचे, डाउनलोडचे असे लाखो प्रवाह जातात, त्या प्रत्येकाची नोंद ठेवणं झेपलं नाही. 1998 मध्ये डिफसर्व्ह आलं. प्रवाह मोजू नका, पॅकेटवर दर्जाची खूण करा आणि मोजक्या दर्जांप्रमाणे वागवा. आवाजाच्या पॅकेटला सहसा 46 हा आकडा लावतात. एकाच संस्थेच्या नेटवर्कमध्ये हे उत्तम चालतं, कारखान्यात चालतं, मोबाइल कंपनीच्या आत चालतं. दोन कंपन्यांच्या हद्दीवर मात्र बिनसतं.

केबलवाला_सिडको

हद्दीवर आम्ही ती खूण पुसून शून्य करतो. न पुसून करणार काय? 46 लिहायला पैसे पडत नाहीत. उद्या प्रत्येक गेम आणि प्रत्येक ॲप स्वतःच्या पॅकेटवर 46 लिहील.

निवृत्त_एक्स्चेंज

यावर आमच्या काळात पैशाचा तोडगा होता. ट्रंक कॉल बुक करताना ऑपरेटर विचारायची, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग? अर्जंटला जास्त दर, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त. घरात मयत झालेली असली तरी माणूस दर ऐकून आधी खिसा चाचपायचा. बाजारभाव सांगणारा व्यापारी मात्र सहज लाइटनिंग लावायचा. मी काउंटरच्या आतून हे पाहिलंय, म्हणून पैशाने रांग ठरवण्याच्या मी कायम विरोधात राहीन.

मृण्मयी_गंगापूररोड

काका, तुम्ही लिहिलंत त्यावर आपल्या देशात कायद्याची बाजूही पक्की झाली आहे. दूरसंचार नियामक ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 रोजी मजकूर पाहून डेटाचे वेगळे दर लावायला बंदी केली. जुलै 2018 मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी मान्य केल्या. एखाद्या कंपनीची साइट दाबणं किंवा पुढे काढणं चालत नाही. नेटवर्क सावरण्यापुरतं वाजवी नियोजन चालतं, आणि काही खास सेवांना सूट आहे.

पण सईच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर आहे, आणि ते कोणालाच वरचा दर्जा देत नाही. 1989 मध्ये ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी 'फेअर क्युइंग'वर निबंध लिहिला. प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करा आणि आळीपाळीने एकेकाला सोडा. आवाजाचा प्रवाह बारीक असतो. जुन्या पद्धतीच्या 64 केबीपीएस आवाजात दर 20 मिलिसेकंदांनी 160 बाइटचं एक छोटं पॅकेट निघतं. त्याच्या रांगेत एखादंच पॅकेट असतं, त्यामुळे त्याचा नंबर लगेच लागतो. बॅकअपचा प्रवाह जाडजूड, त्याच्या रांगेत शेकडो पॅकेट, पण त्याने तयार केलेल्या रांगेत तो स्वतःच थांबतो. यात राउटरला कुठला प्रवाह शिकवणीचा आणि कुठला सिनेमाचा हे कळायची गरज नाही. खोटी खूण लावून काही मिळत नाही. दर भरायला नको, कोणाच्या डेटात डोकवायला नको.

ही पद्धत कोडेलशी जोडली की 'एफक्यू-कोडेल' होतं. जानेवारी 2018 मध्ये त्याचा आरएफसी 8290 हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज निघाला. लिनक्समध्ये ते आहे आणि फुकट आहे. इतकं चांगलं उत्तर हाताशी असताना आपल्याकडे ग्राहकाच्या घरी बसवल्या जाणाऱ्या कित्येक डब्यांत ते बंद असतं किंवा नसतंच. माझा राग आहे तो यावर.

द्राक्षबाग_दिंडोरी

धागा वाचतोय, बरंच कळतंय. माझी गरज तुमच्या सगळ्यांच्या उलटी आहे. बागेत हवामान केंद्र बसवलंय. पान किती वेळ ओलं राहिलं, तापमान किती, असे चार आकडे दर पंधरा मिनिटांनी जातात. एका आकड्याला दहा मिनिटं उशीर झाला तरी माझं काही बिघडत नाही. पण ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवा कोवळा असताना रात्रभराचे आकडे गायब झाले, तर डाऊनी या बुरशीरोगाचा अंदाज चुकतो आणि फवारणी हुकते. यासाठी मोठा प्लॅन घेऊन उपयोग आहे का?

संशोधक_विद्यार्थी

दादा, नाही. तुमचा डेटा दिवसाला काही किलोबाइटचा आहे. तुम्हाला उशीर चालतो, हरवणं चालत नाही. कॉलचं बरोबर उलटं, तिथे एखादं पॅकेट हरवलं तर कानाला कळत नाही, पण उशिरा आलेलं पॅकेट टाकूनच द्यावं लागतं. सेवेचा दर्जा म्हणजे एकच आकडा नसतो, तो यामुळेच.

केंद्रवाल्याला एवढंच विचारा: रेंज गेली तर आकडे मशीनमध्ये साठतात का, आणि रेंज आल्यावर जुने आकडे वेळेच्या नोंदीसकट वर जातात का? दोन्हीला हो असेल तर सगळ्यात स्वस्त सिम पुरे. आणि शेजारच्या सगळ्या बागांतली केंद्रं अगदी घड्याळाच्या ठोक्याला, 15 व्या, 30 व्या मिनिटाला पाठवत असतील, तर त्यांना काही सेकंद मागेपुढे करायला सांगा. टॉवरकडे एकदम धाव घेतली की ती एकमेकांवर आदळतात.

द्राक्षबाग_दिंडोरी

साठवत नाही. आजच बोलतो त्यांच्याशी.

अंबडकर

'एकदम धाव' वरून आठवलं. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकला मोबाइलचं काय होणार, यावर जाणकारांनी लिहावं.

संशोधक_विद्यार्थी

तिथे पहिला अडथळा डेटाचा नसतो, टॉवरचं दार ठोठावण्याचा असतो. फोनला काहीही करायचं झालं तरी आधी टॉवरला 'मी आहे' असा छोटा संदेश पाठवावा लागतो. दोन फोनने एकाच क्षणी तोच संकेत पाठवला तर दोन्ही वाया जातात. याचं मूळ गणित 1970 च्या सुमारास हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहा नेटवर्कमधून आलं. प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा पाठवलं तर वाहिनीचा जास्तीत जास्त 18.4 टक्के उपयोग होतो. वेळेच्या ठरलेल्या खणातच पाठवलं तर 36.8 टक्के. त्यापुढे गर्दी वाढली तर उपयोग वाढत नाही, घटतो. लाखो लोक घाटावर 'कुठे आहेस?' म्हणून पुन्हा पुन्हा फोन लावतात तेव्हा 1986 चीच गोष्ट हवेत घडते.

त्यावर उपाय ठरलेले आहेत. 4जी मध्ये टॉवर एक आकडा जाहीर करू शकतो. प्रत्येक फोन मनाशी एक यादृच्छिक आकडा काढतो, तो त्याहून लहान आला तरच पुढे जातो, नाहीतर थांबतो. शिवाय सिममध्ये वर्ग असतात. आपल्यासारख्यांची सिम 0 ते 9 मध्ये विखुरलेली, आणि 11 ते 15 हे सुरक्षा, आपत्कालीन सेवा वगैरेंसाठी राखीव. गर्दी हाताबाहेर गेली की आपल्याला थोडं थांबवून रुग्णवाहिकेचा कॉल लागू देता येतो. या प्राधान्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण ते पैशाने विकत मिळत नाही.

निवृत्त_एक्स्चेंज

माझी एक सूचना. पर्वणीच्या दिवशी प्रत्येक कंपनीने आपापला छोटा तात्पुरता टॉवर उभा करणं म्हणजे मोठ्या गटाचे तुकडे पाडणं. 117 आणि 180 चा हिशेब मी वर दिलाय. घाटाच्या पट्ट्यात त्या काही दिवसांपुरतं कुठल्याही कंपनीचं सिम कुठल्याही टॉवरवर चालू दिलं, तर तेवढ्याच सामानात जास्त कॉल लागतील. हरवलेलं पोर शोधणाऱ्या आईला टॉवर कोणाचा याच्याशी काय करायचंय?

आणि सूचना द्यायच्या त्या एकेका नंबरला एसएमएस करून देऊ नयेत. सेल ब्रॉडकास्टने एकच संदेश टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकदम जातो, फोन दहा असोत की दहा लाख. 2023 मध्ये देशभर मोबाइल मोठ्याने वाजून आपत्तीच्या चाचणीचा संदेश आला होता, तो असाच.

मृण्मयी_गंगापूररोड

काकांची सूचना प्रशासनाकडे लेखी जायला हवी. त्यांच्या परवानगीने मी मसुदा करते. अर्लांगचं कोष्टक जोडू, सिंहस्थाच्या बैठकीत आकडा ठेवला की तो नुसता खोडून टाकता येत नाही.

नाशिकरोडची_सई

इतकं वाचल्यावर राहवेना, मोजून पाहिलं. लॅपटॉप तारेने राउटरला जोडला, म्हणजे वायफायचा दोष मध्ये यायला नको. एका खिडकीत पिंग चालू ठेवलं, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते. काही चालू नसताना 14-15 मिलिसेकंद, अगदी स्थिर. मग एक मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावला. आकडे डोळ्यांदेखत चढत गेले, 60, 190, 420, आणि 700 च्या आसपास जाऊन तिथेच घुटमळले. एकही पॅकेट हरवलं नाही. अपलोड थांबवला आणि दोनेक सेकंदांत परत 15. माझं अपलोड 20 चं आहे.

हे थांबवायला राउटरमध्ये नक्की काय करायचं?

मृण्मयी_गंगापूररोड

सई, मोजणी अगदी बरोबर केलीस. राउटरच्या सेटिंगमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'स्मार्ट क्यू' असा रांग आवरणारा पर्याय शोध. नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर घ्यावा लागेल. त्यात एफक्यू-कोडेल किंवा त्याच जातीची 'केक' ही पद्धत निवड, आणि मर्यादा खऱ्या वेगाच्या 85 ते 90 टक्के टाक. 20 चं अपलोड असेल तर 17 किंवा 18. हे महत्त्वाचं आहे, कारण मर्यादा न टाकल्यास रांग तुझ्या राउटरमध्ये न साचता पुढच्या डब्यात साचते आणि तिथे तुझं काही चालत नाही. दहा-पंधरा टक्के वेग सोडायचा आणि रांग आपल्या ताब्यात आणायची, असा तो सौदा आहे.

ट्रायचे नवे सेवा-दर्जा नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले आहेत. त्यात लेटन्सी (उशीर), जिटर (उशिरातला चढउतार) आणि पॅकेट ड्रॉप (हरवलेली पॅकेट) यांचे निकष आहेत. पण ते सरासरीवर मोजले जातात. विद्यार्थ्याने वर सरासरीबद्दल लिहिलंय ते इथे तंतोतंत लागू होतं. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' असं लिहू नका. 'रिकाम्या लाइनवर 15, अपलोड चालू असताना 700' असं लिहा, वेळ टाका, तारेने जोडून मोजलंय हे नमूद करा.

नाशिकरोडची_सई

केलं. केक, 17. तोच व्हिडिओ पुन्हा चढवला. पिंग 16 ते 22 च्या मध्ये राहिलं, एकदाही 30 च्या वर गेलं नाही. आज संध्याकाळची बॅच बॅकअप बंद न करता घेतली.

केबलवाला_सिडको

सईताई, तुमच्या राउटरचं मॉडेल व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) कळवा. आम्ही जे डबे देतो त्यांच्या सेटिंगमध्ये हा पर्याय बघितला, नाहीये. पण माझ्याकडच्या मुख्य मशीनवर ग्राहकाचा वेग जिथे बांधतो, तिथे लिनक्सच आहे. मॅडम, तिथेच प्रत्येक ग्राहकाच्या रांगेला एफक्यू-कोडेल लावलं तर निदान डाउनलोडच्या बाजूचा प्रश्न सुटेल ना? एका बिल्डिंगवर लावून बघायची माझी तयारी आहे. आधीचे आणि नंतरचे आकडे मोजायला विद्यार्थ्याने यावं.

संशोधक_विद्यार्थी

हो, डाउनलोडचा सुटेल. अपलोडसाठी घरचा डबाच बदलावा लागेल. मी शनिवारी येतो. मोजणी आयपीएलच्या सामन्याच्या वेळेतच ठेवू, आणि निम्मे फ्लॅट जुन्या पद्धतीवर राहू द्या, म्हणजे तुलना करता येईल.